वस्तादांनी राखलेला डाव

“मग तो शेवटचा डाव कुठला, वस्ताद? तेवढा सांगा, मी निघतो.”

इंद्रजितनं हे विचारलं तेव्हा पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. वेळ मला पक्की ठाऊक, कारण वेळ लिहिणं हेच माझं काम. मी या मैदानाचा स्कोअरर, आनंदा चौगले. सहा दिवस फाउंड्रीत असतो, सातव्या दिवशी इथं.

त्या रविवारची मॅच जेवणाआधीच आटोपली होती. पोरं घरी गेली होती. मी मंडपाच्या खांबाला टेकून बेरजा जुळवत होतो.

सुबराव वस्ताद माझ्या शेजारी, क्रिकेटच्या सामानाच्या पेटीवर. वय ब्याऐंशी. माणूस मूळचा तालमीतला. ऐन उमेदीत गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि क्रिकेटच्या नादाला लागला. कोल्हापुरात लोक कुस्तीला मान देतात, फुटबॉलसाठी जीव देतात. अशा गावात हा माणूस पेठेतली पोरं गोळा करून त्यांच्या हातात बॅटी द्यायचा. लोक हसले. पण त्यांना ‘सर’ म्हणायचं कुणाच्या तोंडात बसलं नाही. वस्ताद ते वस्तादच राहिले.

आणि इंद्रजित खाडे... त्याची ओळख मी काय करून देऊ? देशाच्या संघाचा प्रशिक्षक. पेपरात आठवड्यातून दोनदा फोटो. वाढला मात्र ह्याच मैदानावर. त्याच्या ड्रायव्हरनं काळी गाडी सावली बघून वडाखाली लावली होती. त्या वडावर बगळ्यांची वस्ती आहे हे त्याला मी सांगितलं नाही. सगळंच मी कशाला सांगू?

“कसला डाव म्हणतोस?” वस्तादांनी विचारलं.

“तुम्हाला ठाऊक आहे.”

आमच्याकडं म्हणतात, वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. चेला उद्या अंगावर आला तर असावा म्हणून. इंद्रजित तो मागायला आला होता. पंचवीस वर्षांत तीनदा आला असेल इथं. त्यातला एकदा सत्कार होता म्हणून.

“बस की लेका खाली. उभ्यानं काय मागतोस?”

तो मंडपाच्या पायरीवर बसला. आधी रुमाल अंथरला, मग बसला.

“माझा संघ फायनल हरतोय, वस्ताद.”

“ऐकलं.”

“तीन फायनल. तिन्ही शेवटच्या षटकात.”

“ते पण ऐकलं.”

हे सगळ्या देशानं ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी संघातले जुने जाणते एकापाठोपाठ एक निवृत्त झाले आणि कोरा करकरीत संघ इंद्रजितच्या हाती आला. पोरंच सगळी. सुरुवातीला जिंकत सुटली. परदेशात जाऊन जिंकली. पेपरवाले ‘उद्याचा संघ’ म्हणायला लागले. मग एक फायनल गेली, दुसरी गेली, आणि दहा दिवसांपूर्वी तिसरी.

तिसरीत दोन चेंडू राहिले होते आणि समोरच्यांची शेवटची जोडी खेळत होती. झेल उंच उडाला. लाँग ऑनला लखिंदर नावाचा पोरगा होता. आसामकडचा, वय एकोणीस. चेंडू हातात बसला... आणि निसटला. तेवढ्यात दोन धावा निघाल्या आणि करंडक गेला.

मी घरी टीव्हीवर बघत होतो. बायको म्हणाली, अहो, तुमचा चहा गार झाला. मी म्हटलं, होऊ दे.

“पोरं कशी आहेत तुझी?” वस्तादांनी विचारलं.

इंद्रजितचा चेहरा खुलला. खोटं नाही सांगत, त्याचा जीव आहे त्या संघावर.

“सोनं आहे, वस्ताद, सोनं! एकजण दीडशेच्या वेगानं टाकतो. कर्णधार बावीस वर्षांचा आहे, पण डोकं साठीचं. डावखुरा एक सलामीवीर आहे, त्याला खेळताना बघाल तर तुम्ही पेटीवरून उठाल. येती दहा वर्षं ह्या संघाला कुणी हात लावू शकत नाही. सरासरी वय किती असेल सांगा?”

“तूच सांग.”

“एकवीस.”

“झकास. आणि दोन वर्सांमागं किती होतं?”

“तेव्हाही एकवीसच.”

वस्तादांनी मान हलवली. मग काठीनं जमिनीवर उगाच एक रेघ ओढली.

“मग वाढला कुठं रे?”

“म्हणजे?”

“दोन वर्सं गेली. तू दोन वर्सांनी मोठा झालास. मी तर म्हातारा झालो. ह्यो आनंदा ढेरपोट्या झाला. तुझी पोरं तेवढी एकवीसचीच?”

मी पोट आत घेतलं.

“तसं नाही,” इंद्रजित म्हणाला. “आम्ही बदलत राहतो ना. जो चुकला तो बाहेर, दुसरा आत. दारात रांग लागलेली आहे, वस्ताद. भूक राहते त्यामुळं.”

“किती बदललीस?”

“सतरा.”

“नावं सांग.”

इंद्रजितनं बोटं मोजत नावं घ्यायला सुरुवात केली. पहिली सहा-सात भराभर आली. मग एकेक अडखळत. अकरावर तो थांबला. कपाळ चोळलं, आणखी एक आठवलं. बारा.

“बाकीची?”

“असतील... यादीत असतील.”

वडावर बगळ्यांनी कालवा केला. गाडीच्या बाजूला इंद्रजितची पाठ होती हे त्याचं नशीब.

“शेवटच्या षटकात काय हुतं त्यांना?” वस्तादांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही!” तो तावातावानं म्हणाला. “एरवी वाघ असतात. शेवटच्या षटकात हात थरथरतात. मनाचा डॉक्टर ठेवला. शिबिरं घेतली. पहाटे उठवून दोनशे-दोनशे झेल दिले. सरावात एक सोडत नाहीत. आणि सामन्यात... मी त्यांच्या डोळ्यांकडं बघतो ना, वस्ताद, एकालाही वाटत नसतं चेंडू आपल्याकडं यावा. एकालाही नाही.”

माझी पेन्सिल थांबली. तिसऱ्या गोलंदाजाची बेरीज चुकली होती, ती मी पुन्हा करायला घेतली.

“म्हणून म्हणतो, तुमच्याकडं काहीतरी आहे,” तो पुढं म्हणाला. “दीड महिन्यावर विश्वचषक आलाय. आज पाच वाजेपर्यंत पंधरा नावं पाठवायची आहेत. तो हरलो तर मला ठेवणार नाहीत. माझं जाऊ द्या... ही पिढी वाया जाईल.”

हे तो कळवळून बोलला. एवढा मोठा माणूस, पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसला होता.

“आणि ते आसामचं पोरगं?” वस्ताद म्हणाले. “त्याचं नाव हाय का पंधरात?”

“लखिंदर? नाही. काढला.”

“सांगितलंस त्याला?”

“यादी लागली की कळेल.”

“त्यानं काय इचारलं न्हाई?”

इंद्रजितनं खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला.

“रोज एक मेसेज येतो. ‘सर, दोन मिनिटं बोलू का?’ दहा आले. काय उत्तर देणार? उत्तर दिलं की आशा लागते. तोडायचं तर एका घावात तोडावं.”

“ह्ये कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

वस्तादांची काठी जागच्या जागी राहिली.

“मी?”

“मग! माझ्या डोळ्यांसमोर काढलंत की ह्याला.” आणि त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. त्यात वाईट हेतू नव्हता, खांब दाखवावा तसं दाखवलं. “त्या दिवशी मी ठरवलं, आपल्या हातून झेल सुटता कामा नये. तुम्ही आनंदाला काढलंत, म्हणून इंद्रजित झाला. मी भाषणात सांगतो हे. सगळ्या देशात सांगतो.”

आता आलंच आहे, तर सांगून टाकतो.

आमच्या मैदानाचा एक रिवाज होता. संध्याकाळी सराव संपताना वस्ताद प्रत्येकाला एक उंच झेल द्यायचे. झेलला की घरी. सुटला तर ‘अजून एक’. परत सुटला तर परत ‘अजून एक’. अंधार पडो, आई हाका मारो, सुटलेल्या झेलावर सामानाची पेटी लागायची नाही. तालमीतून आणलेलं असणार हे त्यांनी. पाठीला माती लागलेला पोरगा तसाच घरी गेला तर दुसऱ्या दिवशी येत नाही, असं म्हणायचे. एकदा एका पोराला एकवीस झेल लागले. बाकी आम्ही सगळे उपाशी उभे. पण एकविसावा त्यानं घेतला तेव्हा आम्ही त्याला खांद्यावरून घरी नेला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी जिल्ह्याची फायनल होती. मी सतरा वर्षांचा. शेवटचं षटक, उंच झेल, मी लाँग ऑनला. आणि हे कुणाला खरं वाटणार नाही, पण मला तो चेंडू हवा होता. ये बाबा, माझ्याकडंच ये, असं म्हणत होतो मी. ह्या मैदानावर वाढलेला पोरगा दुसरं काय म्हणणार?

तो आला. हातात बसला आणि निसटला.

आम्ही हरलो. मी मंडपाकडं चालत आलो. वस्ताद पेटीपाशी उभे होते. मी त्यांच्या समोर उभा राहिलो, कारण मला वाटलं आता ते म्हणतील ‘अजून एक’. खरंच वाटलं. हात पुढं केले होते मी.

त्यांनी पेटीची कडी लावली.

“उद्यापास्नं येऊ नकोस,” म्हणाले.

पुढच्या मॅचला माझ्या जागी बारावा गडी इंद्रजित खेळला. त्यानं एकशे सदतीस केल्या. मी कुंपणापलीकडून बघत होतो. टाळ्या वाजवल्या.

नऊ वर्षांनी इथला जुना स्कोअरर वारला तेव्हा मी एका रविवारी येऊन बसलो. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं आणि वही पुढं सरकवली. त्या दिवसावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मला हे काम बरं वाटलं. स्कोअरच्या वहीत घेतलेला झेल लिहितात. सुटलेल्या झेलाला रकाना नसतो.

एक गोष्ट मात्र मी आल्या-आल्या पाहिली होती. पेटीला कडी लावणं बंद झालं होतं. मला वाटलं गंजली असेल. एकदा तेल घेऊन आलो, तर म्हणाले, राहू दे. तेव्हापासून बघतोय, झाकण नुसतं लोटलेलं असतं आणि हे वर बसलेले असतात.

...

इंद्रजित बोलून थांबला होता. वस्तादांची मान खाली गेली होती. मला वाटलं डोळा लागला.

“ते मी शिकवलं नव्हतं, इंद्या,” शेवटी म्हणाले. “ते तू बघितलंस.”

“त्यात फरक काय?”

“जे शिकवलं ते इसरलास. जे चुकलो तेवढं घेऊन गेलास देशभर.”

इंद्रजितनं घड्याळ बघितलं.

वस्ताद काठी टेकून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो आणि हात दिलेला चालत नाही, म्हणून मी वहीत डोकं घातलं. पेटीचं झाकण करकरलं. आतून त्यांनी एक चेंडू काढला. शिवण उसवलेला, लाल रंग उडून मातीसारखा झालेला.

“आनंदा, वही ठेव.”

“बेरीज राहिलीय, वस्ताद.”

“ठेव म्हणतो न्हवं.”

मी वही ठेवली.

“तितं जा. उन्हात. हां, तितं.”

मी गेलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पायात फाउंड्रीचे बूट, खिशात चष्म्याचं घर. कुणी बघत नाही ना म्हणून मी कुंपणाकडं नजर टाकली. हसू येत होतं.

वस्तादांनी चेंडू खालच्या हातानं वर फेकला. म्हाताऱ्या हातानं किती जाणार? दोन माणसं उंच गेला असेल. फाउंड्रीतलं पोरगंसुद्धा एका हातात घेईल असा.

तो माझ्या तळव्यावर आपटला आणि खाली पडला.

इंद्रजित हसला. “अरे आनंदा! अजूनही?”

मीही हसलो. काय करणार? चेंडू उचलला, शर्टाला पुसला, चालत आलो आणि पेटीत टाकला. सवयीनं झाकण लोटायला गेलो.

वस्तादांनी पेटीच्या काठावर हात ठेवला. बोटं आत, अंगठा बाहेर. झाकण लागलं असतं तर चेचली असती.

“लावू नकोस.”

“बरं.”

“अठ्ठावीस वर्सं हिची कडी लावली न्हाई मी.” ते माझ्याकडं बघत होते. त्यांची बुब्बुळं आता पांढुरकी झाली आहेत, दिसतं कितपत ठाऊक नाही. “त्या दिवशी तू हात पुढं करून हुबा हुतास. मला दिसलं हुतं. हरल्याचा राग हुता रं... लोक बघत हुते. मी कडी लावली. रात्री झोप न्हाई आली. सकाळी तुझ्या गल्लीच्या तोंडापतोर आलो आणि माघारी गेलो. वस्ताद हुतो न्हवं मी.”

एवढी वर्षं मी मनात किती काय काय म्हटलं होतं त्यांना. त्यातला एक शब्द आठवेना.

“चुकलो, आनंदा,” वस्ताद म्हणाले.

मी बूट बघत राहिलो. बुटावर मैदानाची धूळ बसली होती.

इंद्रजित पायरीवरून उठून उभा राहिला होता. रुमाल तिथंच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि त्या जागी काय आणावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. असा त्याला मी फक्त एकदाच पाहिला होता, बारावा गडी असताना, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या धरून.

वस्तादांनी पेटीत हात घातला, तोच चेंडू परत काढला आणि त्याच्यापुढं धरला.

“ह्यो घे.”

“मी?”

“डाव मागायला आलास न्हवं? मग घे की. माझ्या हातात आता उंची न्हाई. तू टाक त्याला.”

इंद्रजितनं चेंडू घेतला. बोटांत फिरवून बघितला, शिवणीवरून अंगठा फिरवला. आनंदा जा, असं तो म्हणाला नाही. पण मी गेलो. परत त्याच जागी, उन्हात. चष्म्याचं घर ह्या वेळी काढून ठेवलं.

हात पुढं केले. चेंडू माझ्याकडं येऊच नये, असं वाटत होतं. सतरा वर्षांचा असताना तसं वाटलं नव्हतं, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

इंद्रजित चेंडू टाकेना. त्याच्या खिशात फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्यानं तो काढून बघितला. कुणाचा होता मला लांबून काय दिसणार? बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला, मग फोन पायरीवर रुमालाशेजारी उताणा ठेवला.

“वस्ताद,” त्यानं विचारलं, “ह्याच्याकडून परत सुटला तर?”

“परत टाक.”

“परत सुटला तर?”

“परत टाक.”

“असं कुठवर, वस्ताद? पाच वाजत आले...”

वस्ताद उघड्या पेटीच्या काठाला धरून हळूहळू खाली जमिनीवर बसले. मांडी घातली. काठी बाजूला ठेवली. लागेल तेवढा वेळ बसायचंय, अशा बेतानं बसले.

“वाजू देत,” म्हणाले.